खेड्यांचा हिशेबनीस : जे. सी. कुमारप्पा

पोटापाण्यासाठी महाराष्ट्र सोडून या तमिळ मुलखात स्थिरावलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या मंडळाने पन्नाशी गाठावी, आणि त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत एका तमिळ गृहस्थाचे चरित्र यावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या माणसाविषयी मी लिहीत आहे तो आपल्या नेमका उलट दिशेने गेला होता. आपण तिकडून इकडे आलो. तो इकडून तिकडे गेला. आपण बढतीसाठी आलो. तो चांगली चालती पेढी सोडून गेला. आयुष्यातली ऐन कर्तृत्वाची वर्षे त्याने आपल्या वर्ध्याला, संत्र्याच्या एका बागेत, तेलाचा घाणा, हातकागद आणि गूळ यांचे गणित मांडण्यात घालविली. जोसेफ चेल्लादुरै कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्यांचे पूर्ण नाव. स्वातंत्र्यपूर्व पिढीला ते परिचयाचे होते. आजच्या तरुणांपैकी किती जणांनी ते ऐकले असेल याची मला शंका आहे.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. तंजावर म्हटले की आपल्या मनात एक निराळीच तार छेडली जाते. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची सत्ता होती. सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमाल आहेत; बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरविलेला लांबलचक मराठी शिलालेख आहे. कुमारप्पांचे घराणे मात्र तमिळ ख्रिस्ती, शिकलेले, सरकारी नोकरीतले. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. घरात शिस्त, वक्तशीरपणा आणि इंग्रजी वळण. आडनाव कॉर्नेलियस असे लावीत. कुमारप्पा हे कुळातले जुने नाव त्यांनी पुढे, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास, पुन्हा धारण केले. धर्म त्यांनी बदलला नाही. अखेरपर्यंत ते श्रद्धावान ख्रिस्ती राहिले आणि येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी तुरुंगात बसून एक पुस्तकही लिहिले. पण साहेबी नाव आणि साहेबी कपडे ही त्या धर्माची अट आहे असे त्यांना वाटेनासे झाले.

१९१२ साली ते हिशेबशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. पहिले महायुद्ध मध्ये आले. ते १९१९ मध्ये परतले आणि मुंबईस हिशेब-तपासनिसाचा व्यवसाय करू लागले. पेढीला चांगले नाव मिळाले. १९२७ साली ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यापार-व्यवस्थापनाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकू लागले. (आंबेडकरांचेही गुरू असलेले प्राध्यापक सेलिग्मन तेथेच होते.) तेथील एका चर्चमध्ये हिंदुस्थान दरिद्री का, या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले. त्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात आला, तो सेलिग्मनसाहेबांच्या वाचनात आला, आणि त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहावयास सुचविले. येथे कुमारप्पांच्या आयुष्याला वळण लागले. इंग्रजी राज्यावर तोवर त्यांचा विशेष राग नव्हता. पण हिशेब तपासणारा मनुष्य जमाखर्चाची वही उघडतो तेव्हा त्याला राग-लोभ उरत नाही. आकडे जिकडे नेतील तिकडे जावे लागते. सरकारी महसूल कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, लष्कर, पेन्शन आणि कर्जाचे व्याज यांत किती जातो आणि रयतेच्या विहिरीला, शाळेला किती उरतो, हे त्यांनी मांडून पाहिले आणि त्यांची खात्री पटली की हे दारिद्र्य आपोआप आलेले नाही.

मी स्वतः केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात आयुष्य घालविले आहे, म्हणून मला या प्रसंगाचे अप्रूप वाटते. पुष्कळ थोर माणसे भावनेच्या उमाळ्याने देशकार्यात पडली. ताळेबंद पाहून पडलेला मनुष्य मला तरी दुसरा ठाऊक नाही.

परत आल्यावर हा प्रबंध छापावा अशी त्यांची इच्छा होती. कोणी तरी तो गांधीजींस दाखवावा असे सुचविले. ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीस गेले. अंगावर उंची पाश्चात्त्य पोशाख, हातात काठी. ठरलेल्या वेळेपूर्वी थोडे लवकर पोहोचले, म्हणून नदीकाठी हिंडत असता एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातीत बसलेला दिसला. असे कातणे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते, तेव्हा काठीवर रेलून ते पाहत राहिले. वेळ होताच त्या म्हाताऱ्यानेच आपण कुमारप्पा काय, म्हणून चौकशी केली. मग त्यांच्या ध्यानात आले. इस्त्रीच्या विजारीनिशी ते तसेच खाली जमिनीवर बसले. कोणी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः छापण्याचे कबूल केले आणि त्याच बैठकीत एक काम गळ्यात घातले : गुजरातेतील खेड्यांची आर्थिक पाहणी.

त्यासाठी त्यांना गुजरात विद्यापीठाचे प्रमुख काका कालेलकर यांना भेटावयाचे होते. काका आपले साताऱ्याचे. हा सुटाबुटातला, गुजराती न जाणणारा गृहस्थ खेड्यात जाऊन काय पाहणार, असे त्यांना प्रथम वाटले असल्यास त्यात गैर काही नाही. कुमारप्पाही मुंबईस परतले. पण काम अखेर त्यांच्याकडेच आले आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुका पालथा घातला. घरोघर जाऊन जमीन किती, बैल किती, पीक काय, सारा किती, सावकाराचे देणे किती, याची नोंद केली. विद्यार्थ्यांनी कुटुंबांचे आकडे आणावे आणि कुमारप्पांनी ते लेखापालाच्या शिस्तीने ताळ्यात बसवावे, असा क्रम होता. शेतकऱ्याच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता सारा भरण्याजोगे पुष्कळ ठिकाणी काही उरतच नव्हते. सारा भरला जाई तो कर्ज काढून. खेड्याचा असा जमाखर्च तोवर फार थोड्यांनी मांडला होता. पुढे मार्च १९३० मध्ये दांडीयात्रा निघाली, तिच्या वाटेवरचा एक मुक्काम मातर येथेच होता.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे धामधुमीची गेली. गांधीजी तुरुंगात असता ‘यंग इंडिया’ची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि त्यांनाही तुरुंगवास घडला. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधील देण्याघेण्याची तपासणी करण्यासाठी काँग्रेसने समिती नेमली, तीतही ते होते. तो तपशील येथे नको.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रलयंकारी भूकंप झाला. राजेंद्रबाबूंच्या नेतृत्वाखाली मदतकार्य उभे राहिले, देशभरातून पैसा आला आणि त्याच्या हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांवर टाकण्यात आली. कार्यकर्त्यांच्या रोजच्या भोजनासाठी त्यांनी काही आण्यांची मर्यादा घालून दिली. पुढे गांधीजी आपल्या परिवारासह बिहारात आले. त्यांचे दूध, फळे, बरोबरच्या मंडळींचा आणि मोटारीचा खर्च या मर्यादेत बसणारा नव्हता. कुमारप्पांनी महादेवभाईंस कळविले की हा खर्च मदतनिधीतून होणार नाही, आपली व्यवस्था आपण पाहावी. गोष्ट गांधीजींपर्यंत गेली. त्यांनी विचारणा केली, कारण ऐकले आणि ते मान्य केले. हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो तो गांधीजींच्या मोठेपणासाठी. मला मात्र तो हिशेबनिसाच्या बाजूने वाचावासा वाटतो. साहेब दौऱ्यावर आला म्हणजे खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, हा प्रश्न ज्यांनी कचेरीत सोडविला आहे, त्यांना कुमारप्पांच्या नकाराची किंमत कळेल.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था स्थापण्याचा ठराव झाला आणि डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, चिटणीस आणि संघटक कुमारप्पा. जमनालालजी बजाजांनी आपली संत्र्याची बाग आणि तीतील इमारत संघास दिली. साबरमतीचे खादीतज्ज्ञ मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते. त्यांच्या नावावरून त्या जागेस मगनवाडी म्हणू लागले. १९३६ साली शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, जाईपर्यंत गांधीजींचा मुक्कामही येथेच होता. शेजारच्या सिंदी गावात ते आणि त्यांची मंडळी रोज सकाळी बादल्या घेऊन सफाईस जात. सिंदीचे लोक त्यांना मदत करीत असत असा ज्यांचा समज असेल, त्यांनी तो सोडावा. लोक दुरून पाहत, आणि घाण कोठे आहे ते बोटाने दाखवीत. ग्रामसेवेचा आरंभ असाच असतो. हारतुरे नंतर, आणि बहुधा दुसऱ्यांनाच.

मगनवाडीत काय चाले हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण कुमारप्पा म्हणजे यंत्रांचा विरोधक आणि जुन्याचा भक्त अशी एक सोपी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः ती एक प्रयोगशाळा होती. चंद्रशेखर वेंकट रामन, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारख्या शास्त्रज्ञांची नावे संघाच्या सल्लागारांत होती. जव्हेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्यात सुधारणा करून बैलास कमी श्रम पडतील आणि तेल अधिक निघेल असा घाणा सिद्ध केला. तो वर्धा घाणी म्हणून देशभर गेला. हातकागदाचे प्रयोग झाले आणि त्या कामातले जाणते पुण्याचे के. बी. जोशी यांनी पुढे पुण्यात हातकागद संस्था उभारली. मधमाशा पाळणे, ताडगूळ, साबण, रॉकेलऐवजी गावच्या अखाद्य तेलावर जळणारा मगनदीप, धूर बाहेर नेणारी मगन चूल असे किती तरी उद्योग चालत. जवळच नालवाडीस वाळुंजकरांचे चर्मालय होते. मेलेल्या जनावराचे कातडेच नव्हे तर हाडे, मांस, शिंगे यांचाही उपयोग तेथे शिकविला जाई. ग्रामसेवक विद्यालयात निरनिराळ्या प्रांतांतून तरुण येत, शिकत आणि आपापल्या गावी परत जात. १९३८ साली या साऱ्या साधनांचे मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते उघडण्यात आले. ‘ग्रामोद्योग पत्रिका’ हे संघाचे मासिक कुमारप्पा चालवीत.

त्यांच्या विचाराची रीत कळावी म्हणून तेलाचेच उदाहरण घेऊ. गावात तीळ, जवस, भुईमूग पिकतो. तो गावच्या तेल्याच्या घाण्यात गेला तर तेल ताजे मिळते, पेंड गावच्या गुरांच्या पुढ्यात पडते, गुरांचे शेण शेतात जाते, आणि तेल्याच्या हाती पडलेली मजुरी गावच्या चांभाराकडे आणि कोष्ट्याकडे फिरते. तेच बी शहराच्या गिरणीस गेले तर तेल परत विकत आणावे लागते, पेंड परदेशी जाते, जमीन उपाशी राहते आणि तेली मजुरी शोधीत त्याच गिरणीच्या दारात उभा राहतो. गिरणीचे तेल स्वस्त, हे खरे. पण जे खर्च गिरणीच्या वहीत लिहिलेच गेले नाहीत ते कोणाच्या नावे टाकावयाचे, असा त्यांचा प्रश्न असे. तांदळाचेही तसेच : गिरणीत सडलेल्या पांढऱ्या शुभ्र तांदळाचा कोंडा गेला की त्याबरोबर जीवनसत्त्व जाते आणि बेरीबेरीसारखे रोग येतात, शिवाय कांडण करणाऱ्या विधवेची मजुरी जाते ती वेगळीच. रस्त्यांबद्दलही त्यांचे असेच एक गाऱ्हाणे होते. कठीण गुळगुळीत रस्ते मोटारींच्या सोयीसाठी बांधले जातात, त्यांवर बैलांचे खूर घसरतात, आणि रस्त्याचा खर्च मात्र बैलगाडीवाल्यावरही बसतो.

तेल्याच्या अडचणीचे मूळ घाण्यात नसून भांडवलात आहे, हेही त्यांनी अचूक हेरले होते. सुगीत बी स्वस्त असते, तेव्हा तेल्याकडे ते घेऊन ठेवण्यास पैसा नसतो, व्यापाऱ्याकडे असतो. चार महिन्यांनी तेच बी महाग दराने घेऊन घाणा चालवावा तर पदरात काही पडत नाही. म्हणून गावच्या सर्वांची मिळून एक बहुउद्देशी सहकारी संस्था असावी, तिने सुगीत धान्य व बी साठवावे, कारागिराला कच्चा माल द्यावा, पक्का माल घ्यावा, आणि गावाची गरज भागल्यावर उरेल तेवढेच बाहेर विकावे, असे ते सांगत. माझ्या नोकरीच्या आरंभी एका जिल्ह्यात अशाच एका तेलउत्पादक संस्थेचे दप्तर तपासण्याचा योग आला होता. सरकारी अनुदानातून सुधारलेले घाणे आले होते, पावत्या चोख होत्या, शेडचे बांधकाम उत्तम होते. घाणे बंद होते, कारण बी विकत घेण्यासाठी लागणाऱ्या खेळत्या भांडवलाची तरतूद कोणत्याच शीर्षाखाली नव्हती. योजना आखणाऱ्याने कुमारप्पांचे एखादे पानही वाचले असते तर ही चूक होती ना.

१९३८ नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली. मातरच्या अनुभवाच्या बळावर त्यांनी नागपूर, वऱ्हाड, छत्तीसगड या भागांतील ६०६ खेड्यांची पाहणी घडवून आणली. आपल्या विदर्भाच्या तेव्हाच्या गावगाड्याचे असे चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल. वायव्य सरहद्द प्रांतासाठीही त्यांनी १९४० साली विकासाची योजना तयार करून दिली. जवाहरलालजींच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीत त्यांना घेतले होते. मोठ्या कारखान्यांच्या पायावर उभे राहणारे नियोजन पटेना म्हणून थोड्याच दिवसांत ते बाहेर पडले.

१९४२ च्या लढ्यात पुन्हा तुरुंग. जबलपूरच्या कारागृहात त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहिला. इंग्रजीत त्याचे नाव ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’. आपण त्यास चिरंतनाचे अर्थशास्त्र म्हणू. १९४५ साली तो प्रसिद्ध झाला, त्यास गांधीजींची प्रस्तावना आहे. कोळसा, खनिज तेल यांसारखे साठे वापरले की संपतात. माती, पाणी, पशू, माणसाचे श्रम हे नीट जपले तर पुनःपुन्हा मिळतात. जे अर्थकारण पहिल्यावर उभारले जाते ते हाव आणि युद्धे जन्मास घालते, असा त्यांचा निष्कर्ष. सृष्टीतील उदाहरणांनी त्यांनी अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या दाखविल्या : भक्ष्य मारून खाणारा वाघ, न पेरता आमराई लुटणारे माकड, स्वतःच्या श्रमाने घरटे विणणारा पक्षी, पोळ्यासाठी मध जमविणारी मधमाशी, आणि परतफेडीची अपेक्षा न करणारी आई. गांधीजींनी त्यांना विनोदाने ग्रामोद्योगाचे डॉक्टर अशी पदवी बहाल केली, ती त्यांना कायमची चिकटली. पुढे १९७३ साली शूमाखर यांच्या ज्या पुस्तकाने जगभर लहान तंत्राचा विचार पसरविला, त्यातही कुमारप्पांच्या या ग्रंथाचा आधार घेतलेला आहे. आपल्या विद्यापीठांनी मात्र हे नाव शूमाखरसाहेबांकडून ऐकले.

स्वातंत्र्य आले. मोठी पदे वाटली जात असता कुमारप्पांकडे आले ते काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्षपद. १९४९ मध्ये समितीने अहवाल दिला. मधले सर्व दलाल जावेत, कसणाऱ्यास हक्क मिळावा, धारणेस वरची मर्यादा असावी, गावाच्या जमिनीचे नियमन गावसमाजाने करावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्यांपैकी काही गोष्टी कायद्यात आल्या, पुष्कळ कपाटात राहिल्या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली तेव्हा परदेशी पैसा, जीपगाड्या आणि वरून येणारी उद्दिष्टे पाहून त्यांनी तिच्यावर कडक टीका केली. गावाने आपली गरज ठरवावी, साधने हुडकावी आणि सरकारने कमी पडेल तेवढे द्यावे, हा क्रम उलटा झाला असे त्यांचे म्हणणे. १९५१ साली चीनला आणि त्यानंतर रशियाला जाऊन आल्यावर तेथील काही गोष्टींचे त्यांनी मोकळेपणी कौतुक केले, तेव्हा जुने सहकारीही दुरावले. दिल्लीतला एक प्रसंग सांगतात. सरकारी बैठकीस ते टांग्यातून निघाले असता, त्या रस्त्यावर टांग्यास मनाई आहे म्हणून पोलिसाने अडविले. अपघात टाळण्यासाठी ही मनाई आहे, हे पंडितजींचे स्पष्टीकरण त्यांना पटले नाही; अपघात लष्करी मोटारींमुळे होत असतील तर बंदी मोटारींवर घालावी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हा मनुष्य वागावयास सोपा नव्हता, हे लपविण्यात अर्थ नाही. वक्तशीरपणा टोकाचा, जीभ तिखट, रक्तदाबाचा विकार. मतभेद झाला की माघार नाही. लग्न केले नव्हते. कापड वाचावे आणि सुटसुटीत असावे म्हणून स्वतः योजलेला धोतीजामा घालीत. त्यांचे सगळेच निदान बरोबर होते असेही मला म्हणवत नाही. गिरणी आली तेव्हा जाते आणि मुसळ खाली ठेवताना आपल्या आज्यांनी दुःख केले नाही. पहाटे तीन वाजता उठून दळणे ज्यांच्या वाट्याला होते त्यांना सुटकाच वाटली असणार. श्रमाची प्रतिष्ठा सांगताना श्रमाचा शीण कोणाच्या पाठीवर पडतो हे या विचारात कधी कधी निसटते. वीज खेड्यात आल्यावर लहान यंत्रे गावातच चालतील आणि गावच्याच मालकीची असतील, ही शक्यताही त्यांच्या लेखनात मला पुरेशी दिसत नाही. उलट, माती, पाणी आणि इंधन यांविषयी त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी दिलेले इशारे आज कोणास हसण्यावारी नेता येणार नाहीत. लाकडी घाण्याचे तेल आणि हातसडीचा तांदूळ आता शहरात दामदुप्पट भावाने विकला जातो, आणि तो घेणारे आपणच असतो. त्या भावातला किती भाग खेड्यातल्या तेल्याच्या हाती पडतो, याची पाहणी करावयास आज कुमारप्पा हवे होते.

सरकारने त्यांचे काम अगदीच टाकले असे मात्र नाही. १९५३ साली खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि १९५७ साली आयोग स्थापन झाला. वैकुंठभाई मेहतांसारखा सहकारातला जाणता पुरुष दोहोंचा अध्यक्ष होता. खेळत्या भांडवलाचा प्रश्न, जो कुमारप्पांना सतत छळी, त्यास फार उशिरा एक वाट सापडली. १९९२ साली नाबार्डने बचतगटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला आणि तारणावाचून कर्ज न मिळणाऱ्या खेड्यातील स्त्रिया आपल्या आठ-दहा रुपयांच्या बचतीच्या जोरावर बँकेच्या दारात गेल्या.

कुमारप्पांनी स्वतः कागदावरचे सोडून पुन्हा मातीत जाण्याचे ठरविले होते. वर्ध्याजवळ सेलडोह येथे त्यांनी पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेतमळा. एखाद्या टापूतील लोकांस लागणारे धान्य, डाळ, तेल, भाजी, कापूस किती, याचा हिशेब करून तेवढ्या प्रमाणात जमीन त्या त्या पिकाखाली आणावयाची, म्हणजे आधी पोट आणि मग बाजार, अशी समतोल शेतीची त्यांची कल्पना होती. शरीर साथ देईना. १९५३ च्या सुमारास ते मदुरै जिल्ह्यातील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतनात येऊन राहिले. तेथे एका साध्या झोपडीत त्यांनी अखेरची वर्षे काढली. त्या झोपडीत एका दरिद्री खेडुताचे चित्र लावलेले असे. येणारा विचारी, हे कोण? गांधी हे आपले धनी आणि हा आपल्या धन्याचा धनी, असे ते सांगत. धाकटे बंधू भारतन्, जे ग्रामोद्योग संघात त्यांचे सहकारी होते, १९५७ मध्ये गेले. कुमारप्पांची प्रकृती उतरत गेली आणि ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीस, मद्रासच्या रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले.

मगनवाडीतील संग्रहालय आजही आहे. चेन्नईहून नागपूरकडे जाणाऱ्या आपल्या गाड्या सेवाग्राम स्थानकावरून जातात. तेथून वर्धा शहर अगदी जवळ आहे. सुटीत मुलाबाळांसह गावी जाताना एक दिवस मोडता आला, तर बापूकुटी पाहून झाल्यावर मगनवाडीसही अवश्य जावे. मुलांना चरखा आणि घाणा हाताने फिरवून पाहता आला तर त्यांना मौज वाटेल, आणि हे सारे येथे कोणी मांडले असे त्यांनी विचारले तर तंजावरच्या एका हिशेबनिसाचे नाव सांगता येईल.